ता. क.

"नाव नाही, गाव नाही, मग त्याला उत्तर कुठे पाठवतात?"

मी अर्धा तास जीव तोडून आईला निनावी पोस्टकार्डांचं ते प्रदर्शन समजावत होते आणि तिने नेमकं हे विचारलं. मी म्हटलं, उत्तर पाठवायचंच नसतं गं. तर म्हणाली, "मग कार्ड कशाला फुकट घालवायचं?"

२०१६ च्या जूनमधली गोष्ट. मावसबहिणीकडे अमेरिकेत गेले होते, मेरीलँडला. वॉशिंग्टन पाहून झालं होतं, म्हणजे आपल्याकडचे सगळे पाहतात तेवढं. व्हाइट हाऊस कुंपणाबाहेरून, लिंकन पायऱ्यांवरून, चंद्रावरचा दगड रांगेत उभं राहून. शेवटच्या दिवशी युनियन स्टेशनवरून गाडी होती, तिला दीड तास अवकाश आणि बाहेर टळटळीत ऊन. स्टेशनाला लागूनच टपालाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिकीट नाही आणि आत एसी. लालबागच्या पोरीला आत शिरायला एवढी कारणं पुष्कळ झाली.

ती इमारत म्हणजे त्या शहराचं एके काळचं मोठं पोस्ट. १९१४ साली बांधलेलं. १९८६ पर्यंत तिथून टपालच हलत होतं, संग्रहालय झालं १९९३ ला. स्टेशनाला खेटून बांधलं, कारण टपाल आगगाडीने यायचं. हे वाचलं आणि मला आपलं जीपीओ आठवलं. तेही १९१३ चं, तेही व्हीटीला खेटून. जॉन बेग नावाच्या साहेबाने विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर त्याला घुमट चढवला. वॉशिंग्टनच्या पोस्टाला घुमट नाही, पण परक्या शहरात आपल्या ओळखीचं खातं भेटल्यावर बरं वाटतं ते वाटलंच. आत मध्यभागी टपालाचा रेल्वेचा डबा, डोक्यावर टांगलेली जुनी विमानं आणि एका काचेच्या कपाटात ओनी नावाचा पेंढा भरलेला कुत्रा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा पठ्ठ्या टपालाच्या डब्यांतून देशभर हिंडायचा. जिथे उतरेल तिथले पोस्टवाले त्याच्या गळ्यात एक बिल्ला अडकवायचे. बिल्ले इतके झाले की ते लावायला त्याला खास जाकीट शिवावं लागलं. मी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी होते. बहीण कंटाळून पुढे गेली आणि तिनेच मला हाक मारली. "इकडे ये, इथे वेगळंच काहीतरी आहे."

वेगळं होतं खरं. भिंतींवर पोस्टकार्डं, पाचशेच्या वर. प्रत्येकावर कुणाचं तरी गुपित. खाली सही नाही.

उपक्रमाचं नाव 'पोस्टसीक्रेट', यामागचा माणूस फ्रँक वॉरन. मेरीलँडमध्येच राहणारा, छोटा धंदा करणारा. २००४ च्या नोव्हेंबरात त्याने तीन हजार कोरी कार्डं छापली. एका बाजूला स्वतःच्या घरचा पत्ता, दुसरी बाजू मोकळी. ती घेऊन तो वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर उभा राहायचा आणि अनोळखी माणसांच्या हातात द्यायचा. म्हणायचा, तुमचं एक गुपित लिहून मला पाठवा. अट एवढीच की ते खरं असावं आणि आजवर कुणालाही सांगितलेलं नसावं. त्यातून एक प्रदर्शन भरलं. ते संपलं, पण कार्डं येणं थांबेना. लोक आपली आपण कार्डं बनवून पाठवू लागले. २००५ च्या जानेवारीपासून तो ती इंटरनेटवर टाकू लागला, दर रविवारी थोडी. आता आकडा दहा लाखांच्या पुढे गेलाय. घराच्या पत्त्यावर, साध्या टपालाने. त्याच्या पोस्टमनची मला कीव येते.

खरं सांगायचं तर 'अनोळखी माणसांच्या हातात कोरी कार्डं दिली' या वाक्यापाशीच मी अडकले होते. पुढचं सगळं नंतर, दुसऱ्यांदा वाचलं. का अडकले ते पुढे येईलच.

सगळीच गुपितं काही रडवणारी नसतात. या उपक्रमातलं एक गाजलेलं कार्ड कॉफीच्या दुकानातल्या नोकराचं आहे. जी गिऱ्हाइकं उर्मटपणे बोलतात त्यांना हा गुपचूप कॅफीन काढून घेतलेली कॉफी देतो. उडुप्याकडे काम करणारा आपला एखादा पोऱ्या असंच काहीतरी नक्की करत असणार, असं माझ्या मनात आलं आणि मी मोठ्याने हसले. दुसरं एक कार्ड आहे, अकरा सप्टेंबरनंतरचं. लिहिणारा म्हणतो, त्या दिवसाआधी मला ओळखणारे सगळे समजतात की मी मेलो. यावर काय करायचं माणसाने? तो माणूस कुठल्या तरी गावात भाजी आणायला जातोय, केस कापून घेतोय, आणि दुसऱ्या गावात कुणीतरी दर वर्षी त्याच्या नावाने मेणबत्ती लावतंय.

लोक एकमेकांकडे न बघता वाचत होते. आपल्याकडे प्रदर्शनात लोक मोठ्याने वाचतात, बरोबरच्याला कोपराने ढोसतात, "हे बघ, हे बघ" करतात. इथे मंदिरात प्रदक्षिणा घालावी तशी माणसं भिंतीच्या कडेकडेने सरकत होती. कार्डं मात्र देखणी. कुणी फोटो कापून चिकटवलेले, कुणी चित्र काढलेलं, कुणी मासिकातली अक्षरं कातरून ओळ जुळवलेली.

त्या कातरलेल्या अक्षरांनी मी विचारात पडले. कारण बाकी पुष्कळांनी हाताने लिहिलं होतं. नाव लपवलं, पत्ता लपवला आणि अक्षर तसंच ठेवलं! अक्षर म्हणजे नावच की. त्या कार्डांच्या मालकांना आई असेल, नवरा असेल, शाळेतली बाकावरची मैत्रीण असेल. कधीतरी रविवारी सकाळी यांतल्या कुणीतरी ते कार्ड पाहिलं असेल आणि त्या 'ग' च्या काठीवरून ओळखलं असेल. इंग्रजीत 'ग' नसतो हे मला कळतं, पण मुद्दा लक्षात आला असेल. मला तर वाटतं, काही जणांनी मुद्दामच अक्षर बदललं नसावं.

वॉरनबद्दलची एक हकिगत मला फार लागली. एका कार्डावर तुटक्या दाराचा फोटो होता. आतल्या मुलाला मारत राहता यावं म्हणून त्याची आई ते दार फोडायला बघायची, ती ही भोकं. ते छापल्यावर इतरांनी आपापल्या घरातल्या तशाच तुटक्या दारांचे फोटो पाठवले. हे मी आईला सांगितलं, तिच्या उत्तराच्या प्रश्नावर. की बघ, उत्तरं येतात, अशी येतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याकडे दार लोटायचीसुद्धा सोय नव्हती."

आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी. २०११ मध्ये या उपक्रमाचं मोबाईल अ‍ॅप काढलं होतं. ते काही महिन्यांतच, २०१२ च्या जानेवारीत बंद करावं लागलं. लोक त्यावर घाणेरडं, धमक्यांचं, वाटेल ते टाकायला लागले. तेच गुपित, तेच निनावी, मग कार्डावर का नाही असं झालं? माझं उत्तर साधं आहे. कार्ड लिहिल्यावर तिकीट लावावं लागतं, चप्पल घालावी लागते, पेटीपर्यंत चालावं लागतं. तेवढ्या वाटेत माणसाच्या मनात काय काय होतं. बरेच जण अर्ध्या वाटेतून परत फिरत असतील. मी या बाबतीत पक्षपाती आहे हे कबूल करते. कार्डांशी माझी ओळख जुनी आहे.

आमची चाळ लालबागला. तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, टोकाला संडास, समोर गॅलरी. दारं सकाळी उघडली की रात्री लागायची. लागायची म्हणजे पडदा सरकवायचा. अशा ठिकाणी गुपित ठेवणार कुठे? कुणाचं मंगळसूत्र मारवाड्याकडे आहे, कुणावर पठाणाचं व्याज चढलंय, कुठल्या सुनेला कोण आलं की रडू फुटतं, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. नळावर भांडण पेटलं की हंडे आपटायचे, आईबाप उद्धरायचे, तरी मंगळसूत्राचा उच्चार व्हायचा नाही. तो झाला की समजायचं, आता ही दोन घरं जन्मभर एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणार नाहीत.

आमच्या समोरच्या खोलीत बाराएक बाप्ये राहायचे. सगळे कोकणातले, सगळे गिरणीत. पहिली पाळी उठली की रातपाळी त्याच वळकटीवर पडायची. जेवण खानावळीत, बायकापोरं गावी. या लोकांची पत्रं मी लिहायची. चौथीत असल्यापासून. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी पुढच्यामागच्याला काही सांगत नाही अशी माझी ख्याती होती. ती कशी झाली देव जाणे. मोबदला म्हणून लिमलेटची गोळी, कधी तीही नाही. दिवस रविवार. वॉरनचा रविवार वाचला तेव्हा मला त्याचीही गंमत वाटली.

पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. ते उघडं. पोस्टमन वाचणार, गावचा पोस्टमास्तर वाचणार, वाडीत ज्याला वाचता येतं तो अंगणात उभा राहून मोठ्याने वाचणार आणि मग ज्याचं त्याला मिळणार. कार्ड निघालं तेव्हाही लोकांना हीच भीती होती म्हणे, की नोकरचाकर वाचतील. आपल्याकडे ते आलं १८७९ च्या जुलैत, पाव आण्याला. स्वस्त होतं म्हणून भीती मागे पडली. पण भीतीची सवय काही गेली नाही. कार्डावर काय लिहायचं नाही याचं शहाणपण आमच्या समोरच्या खोलीत प्रत्येकाकडे होतं. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळविणे. वि. वि. पत्र पावले. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. 'त्या कामाचे बघतो आहे.' ते काम कुठलं हे मला कधीच कळलं नाही. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेला माणूस उसंत मिळताच मला सांगायचा, "लिही, तब्येत उत्तम आहे." मी लिहायचे, तब्येत उत्तम आहे. उत्तम मधला दुहेरी त मला छान जमायचा.

म्हणजे बघा. तिकडे कार्डावर खरं, आणि नावाचा पत्ता नाही. इकडे नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं बिनचूक, आणि मजकूर खोटा.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. पहिल्या महिन्यात उत्साह होता, मेपर्यंत आशा होती. पावसाळा लागला तशी समोरच्या खोलीतली माणसं एकेक करून गावी परतली. भात लावायला जातो म्हणायची. वळकटी घेऊन जायची, त्यावरून आम्ही समजायचो. माझे वडीलही गिरणीतच. त्यांच्याविषयी मी इथे लिहिणार नाही, तो या लेखात मावणारा विषय नाही.

खोलीत शेवटी चौघे उरले. त्यांतले एक काका देवगडकडचे. काका म्हणजे असतील तेव्हा चाळिशीचे. त्यांनी गावी कळवून ठेवलं होतं की मी एका कंपनीत लागलो. खरं म्हणजे ते भायखळ्याच्या भाजी मार्केटात पाट्या उचलायला जायचे. पहाटे तीनला निघायचे, उन्हं वर आली की यायचे, आणि गॅलरीत भिंतीला पाठ लावून बसायचे. सरळ बसता यायचं नाही. आई काही न बोलता अमृतांजनची बाटली त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. संध्याकाळी बाटली आमच्या उंबऱ्यावर परत. या देवाणघेवाणीत एकही शब्द खर्च झाल्याचं मला आठवत नाही.

ऑगस्टातला रविवार, गणपती दोन आठवड्यांवर. काका कार्ड घेऊन आले. ते चार-पाच कार्डं एकदम आणून ठेवायचे, बचत म्हणून नाही, पोस्टात पुन्हा पुन्हा जायला नको म्हणून. सांगू लागले. सौ. हीस अनेक आशीर्वाद. मी एका चांगल्या कंपनीत आहे. काम बसून आहे. साहेब देवमाणूस आहे. नवीन असल्याकारणाने गणपतीस रजा मिळत नाही. पैसे पुढील महिन्यात पाठवतो. काळजी नसावी. कळावे. खाली सही तेवढी स्वतः करायचे. ती केली, 'आईकडे दे, टाकील' म्हणाले आणि गेले.

त्या आठवड्यात शाळेत गुरुजींनी पत्रलेखन शिकवलं होतं. मायना, मजकूर, समाप्ती. आणि सगळं झाल्यावर काही राहिलं असेल तर ता. क. म्हणजे ताजा कलम. मला ते दोन टिंबांचं ता. क. विलक्षण आवडलं होतं आणि वापरायला कुठे जागा मिळत नव्हती. मी दुसऱ्यांची पत्रं लिहिणारी. त्यांचं काही राहत नसे. त्यांना लिहायचं नसे ते राहिलेलं नसतं, हे अकराव्या वर्षी कसं कळणार?

कार्डाच्या तळाला चार बोटं जागा होती. मी लिहिलं, 'ता. क. काका कंपनीत नाहीत. ते भायखळ्याला पाट्या उचलतात. त्यांची पाठ फार दुखते.'

खाली नाव घातलं नाही. पण अक्षर वरपासून खालपर्यंत एकच होतं.

का लिहिलं, याची चांगली कारणं मी पुढे कितीतरी तयार केली. मुलीचा कळवळा, खरं बोलावे वगैरे. ती सगळी नंतरची. त्या क्षणाची मला आठवते ती फक्त ऐट. ता. क. काय सुरेख दिसत होतं.

दहाबारा दिवसांनी संध्याकाळी एक माणूस अर्धं पोतं तांदूळ खांद्यावर घेऊन जिना चढून आला. काकांचा मेव्हणा. दोघे गॅलरीच्या टोकाला बोलत उभे राहिले. मी आमच्या दाराच्या पडद्याआड, पोटात गोळा. आवाज चढला नाही. मेव्हणाच बोलत होता, काका कठड्यावर हात ठेवून खाली रस्त्याकडे बघत होते. तांदूळ खानावळवालीकडे गेले, कसल्या तरी हिशेबात. दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी वळकटी बांधली.

निघताना ते आमच्या दाराशी थांबले. आईला म्हणाले, येतो. मग माझ्याकडे तीन कार्डं पुढे केली, कोरी. "ही तुला घे. लिहायला होतील."

चेहरा कसा होता? रागावलेला? मी नुसते हात बघितले. ते परत मुंबईला राहायला आले नाहीत. समोरच्या खोलीत कुणी विचारलं नाही, चाळीत कुणी काही बोललं नाही, मला कुणी ओरडलं नाही. माझी पत्रं लिहिण्याची कामं मात्र त्यानंतर थांबली. आता हे उरलेले तिघेही दिवाळीच्या आधी गेले म्हणून, की आणखी कशामुळे, ते मला कळायला मार्ग नाही. ते कार्ड वाडीत कुणी वाचलं असेल? मोठ्याने वाचताना शेवटी येऊन तो थांबला असेल का? की सगळ्या अंगणासमोर एका दमात वाचून गेला असेल? काकांची बायको तेव्हा काय करत होती? हे प्रसंग मी इतक्या वेळा मनात लावून बघितलेत की आता ते मला पाहिल्यासारखे आठवतात. म्हणून वॉशिंग्टनच्या त्या थंडगार खोलीत, एक माणूस अनोळखी लोकांच्या हातात कोरी कार्डं देत उभा राहिला हे वाचलं, आणि पुढच्या ओळी दिसेनाशा झाल्या.

परत आल्यावर एका दुपारी मुद्दाम जीपीओकडे गेले. समोर कबुतरखान्याच्या बाजूला टपाल लिहून देणारे बसतात ते माहीत होतं. डोक्यावर निळं प्लास्टिक, समोर टेबल. आता पत्र कोण लिहून घेणार? बहुतेक वेळ ते पार्सलं बांधतात. कापडात शिवायची, लाख लावायची, पत्ता घालायचा. एके काळी हमाल, गडी, गोदीतले लोक, सगळ्यांच्या मनीऑर्डरी यांनी भरल्या. कामाठीपुऱ्यातल्या बायकाही यायच्या. त्यांच्या पत्रांत त्या ऑफिसात, कारखान्यात, कुणाच्या घरी कामाला असायच्या. लिहिणाऱ्याला समोर दिसायचं ते दिसायचंच.

एक वयस्कर गृहस्थ पार्सल शिवत होते. मी जरा बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, कधी एखाद्या पत्रात तुम्ही स्वतःच्या मनाचं काही घातलंत का? त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, की शिंप्याला विचारावं, गिऱ्हाइकाच्या कापडातून स्वतःला सदरा कधी शिवलास? मग म्हणाले, "बाई, सांगतात ते लिहायचं. माहीत असतं ते लिहायचं नसतं." आणि दोऱ्याला गाठ मारली.

मी पन्नास पैशांचं एक कार्ड घेतलं आणि घरी आले. ते अजून पडून आहे. काकांच्या तीन कार्डांतलंही एक उरलंय, पिवळं पडलेलं.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. आईला तेविसाव्या मजल्यावर खोली मिळाली. तिला ती अजून खोलीच म्हणते. दार बंद असतं, बाहेर जाळीचं दुसरं दार, त्याला दुर्बीण. शेजारी कोण राहतं ते तिला आडनावाने माहीत आहे. "इथे गुपितं ठेवायला जागाच जागा आहे," ती म्हणते, "आता ठेवायला काही उरलं नाही."

तर तिथे, त्या खोलीत मी तिला प्रदर्शनाचं सांगत होते आणि तिने ते विचारलं, मग कार्ड कशाला फुकट घालवायचं. मला एकदम वाटलं, हिलाच सांगावं. चौतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. खरं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं, वॉरनच्या दोन्ही अटींत बसणारं. सांगितलं. ता. क. सकट, शब्द न् शब्द.

आई म्हणाली, "ठाऊक आहे."

"कसं?"

"कार्ड माझ्याकडेच दिलं होतंस ना टाकायला. उघडंच तर होतं."

आई चौथी शिकलेली. एकेक अक्षर जुळवत वाचते. तिचा हात वाईट म्हणूनच तर पत्रं माझ्याकडे यायची. ती वाचत असेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठे वाचलंस?"

"जिन्याखाली. मग पेटीपाशी जाऊन उभी राहिले. खोडावं म्हटलं, तर काहीतरी खोडलंय म्हणून ती बाई तिकडे घोर लावून बसली असती. फाडावं, तर पंधरा पैसे लोकाचे. पाऊस लागला होता. पदराखाली धरून उभी होते."

"किती वेळ?"

"बराच. तेवढ्यात पोस्टमन आला पेटी उघडायला. पेटीतली सगळी पत्रं पिशवीत ओतली त्याने. कुलूप लावलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, वैनी, द्यायचंय का? आणि हात पुढे केला."

"मग?"

"दिलं."